फाटक कुठे होतं

उत्तम, आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. मी दिवस मोजतोय म्हणून परवा तुझ्या संगीताला विचारलं, तेराव्याचं काय ठरवलंय, कोणाकोणाला सांगायचं. ती म्हणाली, "अभयभाऊ, आमच्यात तेरावं नसतं." शांतपणे म्हणाली, रागाने नाही. आठ वर्षं आपण एका बसने कामाला गेलो, इथे सिंगापुरात, आंग मो किओत शेजारशेजारच्या ब्लॉकमध्ये राहिलो, आणि हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असंही नाही. माहीत करून घ्यायची वेळ मी येऊ दिली नव्हती. तुला हा फरक लगेच कळला असता आणि तू चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं असतंस. तुझं ते बघणं मला कधीच आवडलं नाही.

ग्रुपवर पहिल्याच दिवशी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असं कोणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी तेच उचलून पुढे चिकटवलं. तू आणि हसतमुख. तू प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिरलास की ऑपरेटर टेबलावरचे पाय खाली घ्यायचे. हॉकर सेंटरच्या टपरीवर चहात साखर पडली तर भर गर्दीत कप परत पाठवणारा माणूस तू. मनमिळाऊ कसला, चांगला खडूस होतास, आणि माझा सगळ्यात जवळचा मित्र होतास. हे शेवटचं मी तुला कधी सांगितलं नाही. आधी सांगायची गरज वाटली नाही, आणि प्रागनंतर सांगायला तोंड राहिलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी स्टॉपवर तू नेहमीसारखा माझ्याआधी उभा होतास. चायनीज न्यू इयर संपून आठवडा झाला होता, ब्लॉकखाली मांडलेली संत्र्यांची झाडं सुकायला लागली होती. बसमध्ये तू खिडकीशी, मी शेजारी. आठ वर्षांच्या जागा त्या. भांडण झालं म्हणून जागा बदलण्याइतके आपण लहान नव्हतो, आणि भांडण मिटवण्याइतके मोठेही नव्हतो. बस सुटल्यावर तू म्हणालास, "अभय, रविवारी मोकळा आहेस का? जरा बोलायचंय." मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणालो, "बघतो." पुण्याचा माणूस 'बघतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, ते तुला मी वेगळं सांगायला नको. तू "बरं" म्हणालास आणि डोळे मिटलेस. रोजच मिटायचास.

आपला प्लांट ज्या बेटावर, त्या जुरोंग आयलंडच्या चेकपोस्टवर बस थांबली, सगळ्यांनी पास काढून हातात धरले. मी तुला कोपराने ढोसलं, "ऊठ, पास काढ." तू उठला नाहीस. गार्ड आपल्या पुढच्या रांगेपर्यंत आला तेव्हा मी चिडून तुझा हात धरून ओढला, आणि तो हात माझ्या हातात जसा आला तसा जिवंत माणसाचा हात येत नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. मी मराठीत ओरडत होतो असं मागच्या सीटवरच्या मलय पोराने नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तास-अर्धा तास आधीच गेले असणार, हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. म्हणजे तेवढा वेळ मी तुला खांदा लावून बसलो होतो आणि क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. 'कळलंही नसेल' हे डॉक्टर तुझ्याबद्दल बोलत होते, मला ते माझ्याबद्दल वाटलं.

हॉस्पिटलात एका नर्सने फॉर्म पुढे केला. संगीता अजून टॅक्सीत होती. नाव, पासचा नंबर, पत्ता, जवळचे नातेवाईक, सगळं मला पाठ होतं. मग रकाना आला धर्माचा. मी लिहिलं, हिंदू. मुद्दाम लिहिलं नाही. पेन थांबलं नाही, एवढंच. तुझ्या नावाचं स्पेलिंग मी दोनदा तपासून बघितलं, ते चुकू नये म्हणून. नंतर अंत्यविधी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं तेव्हाही तोच शब्द माझ्या तोंडून गेला. त्यामुळे बुधवारी दुपारी तुला ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आणलं, तेव्हा तिथे ॐ लिहिलेलं भगवं कापड, मडकं, तांदूळ, दर्भ आणि एक तमिळ भटजी असं सगळं तयार होतं. मी सगळं वेळेत जमवलं म्हणून मनातल्या मनात स्वतःवर खूशही होतो.

तुझी लेक मैत्री कालच्या शाळेच्या गणवेशातच खाली आली. चौदा वर्षांची पोर, दोन दिवसांत चेहरा चोवीसचा झाला होता. त्या कापडाकडे बराच वेळ बघत राहिली, मग सरळ माझ्याकडे आली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली,

"अंकल, हू टोल्ड देम हिंदू?"

"मी सांगितलं, बेटा."

"बट पापा नॉट हिंदू, व्हॉट. यू नो हिम सो लाँग, यू डोन्ट नो मेह?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर ती एक पाऊल मागे सरली.

भटजींनी निमूट सामान आवरलं. कंपनीच्या माणसाला मी सांगितलं, हिंदू नाही, बौद्ध. तो बिचारा "सॉरी, सॉरी" करत गेला आणि तासाभरात पिवळे पडदे, कागदाची कमळं, मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या आणि चिनी मंत्रांची टेप घेऊन आला. इथे बौद्ध म्हटलं की तेच. तू असतास तर या टेपवरून महिनाभर मला ऐकवलं असतंस. संगीताने स्वतः जाऊन टेप बंद केली. घरातली छोटी बुद्धमूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो, जो तुमच्या हॉलमध्ये दारासमोर असतो, ती खाली घेऊन आली. पांढरं कापड, दोन मेणबत्त्या. तुमच्या ओळखीची तीन कुटुंबं आली होती, त्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. मैत्रीला सगळं पाठ होतं. मला एक ओळ येत नव्हती, म्हणून मी मागे चपलांपाशी उभा राहिलो.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा मला तिसऱ्या दिवसापर्यंत तिकीट मिळालं नव्हतं. तेव्हा तू माझ्या घरी येऊन बसला होतास, आणि पुण्याला फोन लावून टिपून घेत होतास, सुतक किती दिवस, मी काय खायचं नाही, कोणी मला शिवलं तर चालतं का. मी वैतागून म्हणालो होतो, तुला काय करायचंय हे सगळं. तू म्हणाला होतास, "तुझी बायको पुण्याला आहे. इथे तुझं चुकलं तर तुला आयुष्यभर खाईल, म्हणून." त्या तीन दिवसांत कॅन्टीनमध्येही तू माझ्यासाठी बिनमसाल्याचं जेवण वेगळं सांगितलंस. ज्या गोष्टींवर तुझा काडीचा विश्वास नव्हता, उलट ज्यांचा तुला रागच होता, त्या तू माझ्यासाठी पाळून घेतल्यास. आणि तुझ्या वेळी मी काय केलं, ते मैत्रीने बघितलंच.

हे सगळं मला त्याच वेळी, तिथे चपलांपाशी उभा असताना कळलं असं म्हणू शकत नाही. तुझ्याशी भांडलो होतो ते मात्र शब्द न् शब्द आठवत होतं.

प्रागला आपण कामाला गेलो होतो. शहराबाहेरच्या कारखान्यात नव्या कॉम्प्रेसरची चाचणी, दोन आठवडे, आणि मधे एकच शनिवार-रविवार मोकळा. मला किल्ला आणि नदीवरचा जुना पूल बघायचा होता. तू सिंगापूरहून निघतानाच ठरवून आला होतास की ज्यूंची जुनी वस्ती बघायची. शनिवारी सकाळी सातची बस पकडून आपण थेट तिथे पोचलो, तर सगळं बंद. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, हे या प्लॅनिंगवाल्या साहेबांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी तुला दिवसभर टोचून खाल्लं. तू एवढंच म्हणालास, "बरं झालं. सुट्टी पाळतायत म्हणजे अजून आहेत."

रविवारी परत गेलो. डोकं झाकल्याशिवाय पुरुषांना आत सोडत नव्हते, म्हणून दारात निळ्या कागदाच्या टोप्या दिल्या. माझी दोनदा वाऱ्याने उडाली आणि दोन्ही वेळा तू न हसता आणून दिलीस. त्यातल्या एका सिनेगॉगमध्ये मूर्ती नाही, चित्र नाही, भिंतींवर नुसती नावं होती. त्या मुलुखातून नेऊन मारलेल्या माणसांची नावं, गावागावांप्रमाणे, बारीक अक्षरात हाताने लिहिलेली. एक खोली संपली की दुसरी, ती संपली की जिन्याकडची भिंत. मी दहा मिनिटांत बाहेर आलो. जास्त वेळ थांबलं की अक्षरं नुसती नक्षी दिसायला लागतात, आणि त्याची लाज वाटते. दारापाशी एक म्हातारी बाई खुर्चीवर बसली होती, तिला तू विचारलंस, ही कोणी लिहिली. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की युद्धानंतर लिहिली होती, मधल्या कम्युनिस्ट राजवटीत ती पुसली गेली, मग नंतर परत पहिल्या नावापासून लिहिली. "ऑल अगेन," ती म्हणाली. "एव्हरी वन." तू मान हलवलीस आणि पुन्हा आत गेलास, ते पाऊण तासाने बाहेर आलास.

शेजारी कब्रस्तान. वस्तीला जागा वाढवून मिळायची नाही, म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून नव्या कबरी, त्यांच्यावर आणखी. दगड एकमेकांना रेलून उभे होते. कोणी कोणी कबरींवर खडे ठेवले होते, तशी त्यांच्यात पद्धत आहे. मीही एक खडा उचलून जवळच्या दगडावर ठेवला. तू म्हणालास, "ओळखतोस याला?" मी म्हणालो, सगळे ठेवतात म्हणून ठेवला. "हं," तू म्हणालास. तो 'हं' मला झोंबला. पोटात कावळे ओरडत होते, त्यात तुझा 'हं'.

त्यात तुझ्या हातातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं निघालं की एके काळी या वस्तीला भिंत होती आणि भिंतीला फाटकं होती. मग झालंच. फाटक नेमकं कुठे होतं, ते तुला बघायचं होतं. प्लांटमध्ये तुझा हाच खाक्या. ड्रॉइंगवर विश्वास ठेवायचा नाही. पाइप जिथून निघतो तिथून जिथे संपतो तिथपर्यंत पायाने चालत जायचं, वाटेतल्या प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून बघायचं. तसा तू त्या वस्तीभोवती चाललास आणि मी मागून. भिंत केव्हाच पाडली होती, जुनी घरंही बहुतेक पाडून तिथे मोठ्या देखण्या इमारती बांधल्या होत्या. त्यांच्या तळाशी घड्याळांची आणि बायकांच्या पर्सची महागडी दुकानं. एका दुकानाच्या दारात सूट घालून उभ्या असलेल्या माणसाला तू विचारलंस, इथे गेट कुठे होतं. तो हसून म्हणाला, "नो गेट, सर. ऑल ओपन." तू माझ्याकडे वळून म्हणालास, "ऐकलंस ना? ऑल ओपन."

शेवटी नदीकाठच्या बाकावर बसून आपण सँडविच खाल्ले. मी खाल्लं, तू कागद उलगडत बसलास.

"आमच्या गावाला भिंत नव्हती," तू म्हणालास. "ओढा होता. अलीकडे गाव, पलीकडे महारवाडा. माझ्या पणजोबांचं नाव काय होतं ते मला माहीत नाही. आजोबांनाही सांगता आलं नाही धड. लिहिलंच नव्हतं कुणी. हाक मारायला जात पुरत होती ना."

मी काय बोललो ते तू विसरला नसशील. मी म्हणालो, "उत्तम, सगळीकडे तेच नको आणूस यार. इथे माणसं मारलीत."

"आणि आमची?"

"तसं नाही म्हणायचं मला. पण आता कोण बघतं रे? सिंगापूरमध्ये इतकी वर्षं आहेस, कोणी कधी एका शब्दाने तरी काही म्हणालंय तुला?"

तू सँडविच परत कागदात गुंडाळलंस. "काकूंनी विचारलं होतं," तू म्हणालास. "उत्तर तू दिलंस."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट ती. मरीन परेडच्या काकू म्हणजे आमच्या आईच्या मैत्रिणीची बहीण. तीस वर्षं इथे राहिलेल्या आणि दर महिन्याला दहा-पंधरा मराठी माणसांना घरी जेवायला घालणाऱ्या. तुला मीच पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "जाधव का? जाधव म्हणजे कुठले हो तुम्ही?" या प्रश्नात गाव विचारलेलं नसतं, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. जाधव मराठ्यांत असतात, तुमच्यात असतात, आणखी चार ठिकाणी असतात. तू घास गिळून तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "साताऱ्याकडचे, काकू. मोठं घराणं आहे." आणि लगेच आमरसाचं कौतुक सुरू केलं. तू काहीच बोलला नाहीस. परतीच्या बसमध्येही नाही. मला वाटलं, मी किती सफाईने वेळ मारून नेली, आणि तू मनातून माझे आभार मानत असशील.

"तुला त्रास होऊ नये म्हणून बोललो मी," मी म्हणालो. "मित्र असं करतो. तू नाही का माझी ती चकती सांभाळून घेतलीस?"

ती चकती मी जन्मात विसरणार नाही. प्लांट दुरुस्तीसाठी बंद असतो त्या शटडाउनच्या कामात पाइप बंद ठेवायला जोडामध्ये लोखंडी चकत्या घालतात, काम संपलं की मोजून काढतात. मी सगळ्या काढल्या म्हणून सही केली होती, आणि एक आतच राहिली होती. तशीच लाइन सुरू झाली असती तर काय झालं असतं, ते तुला आणि मला दोघांनाही माहीत होतं. ती तुला सापडली, कारण तू पायाने चालत गेला होतास. तू कोणालाही न सांगता मला बाजूला बोलावलंस, म्हणालास, "जा, काढून ये, आणि पुन्हा न बघता सही केलीस तर मीच तुला साहेबासमोर उभा करीन." माझी नोकरी राहिली, इथे राहायचा पास राहिला, कदाचित काही माणसंही राहिली.

नदीकडे बघत तू म्हणालास, "ती तुझी चूक होती, अभय. मी तुझी चूक झाकली. तू माझं काय झाकलंस?"

मी माझ्या सँडविचच्या कागदाची घडी घालायला लागलो.

"आणि त्रास कोणाला झाला असता? मी बौद्ध आहे हे सांगायला मला काही वाटत नाही. माझ्या बापाने ते मिळवलंय. मी सांगणारच होतो. त्रास कोणाला झाला असता, मला की तुला?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चल, बस चुकेल." बसला अजून दीड तास होता, आणि तो आपण स्टँडवर शेजारी बसून काढला. तू तुझ्या चष्म्याच्या काचा इतक्या वेळा पुसल्यास की मला त्या फोडाव्याशा वाटल्या.

त्यानंतरचे पाच महिने आपण फार नीट वागलो. "गुड मॉर्निंग" म्हणायला लागलो, जे आधी कधी म्हणत नव्हतो. एकमेकांसाठी जागा धरली, एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी केली. काकूंच्या जेवणाचा मेसेज आला की मी तुला विचारायचो आणि तू म्हणायचास, "या वेळी नाही जमणार." मला सुटल्यासारखं व्हायचं. तुझ्याशी आता तरी खोटं बोलत नाही. तू रागावला होतास म्हणून मी बोलत नव्हतो असं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच दिवशी, बाकावरून उठण्याआधीच माहीत होतं, म्हणून बोलत नव्हतो.

तू गेलास त्याच आठवड्यातल्या रविवारी काकूंनी शोकसभा ठेवली. मी संगीताला घ्यायला गेलो तर ती म्हणाली, "तुम्ही जा, अभयभाऊ." मैत्रीने दार लावून घेतलं. बसमध्ये मी ठरवत गेलो. ते फॉर्मवरचं मला बदलता आलं होतं, मी दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घेतलंही होतं, कारकुनाने एक रेघ मारली आणि वर दुसरा शब्द लिहिला. पण काकूंच्या घरात मी जे बोललो होतो त्यावर रेघ मारायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तू होतास तोवर तू स्वतः कधीतरी सांगू शकला असतास. आता मी बोललो नाही तर त्या घरात तू कायमचा मोठ्या घराण्यातला जाधव राहणार होतास, आणि तुझ्या बापाने मिळवलेलं मी तुझ्या मरणानंतरही दाबून ठेवलं, असं झालं असतं.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर मला उभं केलं. मी कागद नेला नव्हता. म्हणालो, "उत्तम जाधव बौद्ध होता. साताऱ्याजवळच्या एका गावात ओढ्यापलीकडे महारवाडा होता, तिथला. याच खोलीत काकूंनी त्याला विचारलं होतं, तेव्हा मी मधे तोंड घातलं आणि खोटं बोललो. ते त्याला आवडलं नव्हतं. त्याने मला तसं सांगितलं आणि मी त्याची माफी मागितली नाही. ती आज मागतो." 'महारवाडा' हा एक शब्द उच्चारताना माझे कान तापले. तू किती सहज म्हणाला होतास, सँडविचचा कागद उलगडता उलगडता.

काहीतरी होईल अशी माझी समजूत होती. कोणी उठून जाईल, कोणी मला झापेल, निदान कोणी रडेल. दोन मिनिटं शांतता पाळली आणि शेवटी सवयीने कोणीतरी "ॐ शांती" म्हणालं. मग काका चहाचं बघायला उठले आणि लोक हळूहळू बोलायला लागले, प्रॉपर्टी टॅक्स, शाळांचे प्रवेश, तेच.

काकू पोहे घेऊन माझ्यापाशी आल्या. डोळे पुसलेले होते, खरंच रडल्या होत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती मनाला लावून घेतोस रे. आम्हाला का माहीत नव्हतं? ह्यांनी तेव्हा दुसऱ्याच दिवशी चौकशी केली होती. पण कधी जाणवू दिलं का आम्ही त्याला? आपली स्टीलची ताटं मी तेव्हापासून वर ठेवून दिली बघ. त्याला एकट्यालाच कागदी प्लेट दिली असती तर किती वाईट दिसलं असतं, म्हणून सगळ्यांनाच दिल्या. माणूस फार चांगला होता हो. खाऊन घे, गार होतील."

सहा वर्षं, उत्तम. मला वाटायचं, काकूंचं वय झालं, भांडी घासणं होत नाही. मी एकदा त्यांना बोललोही होतो की बरं केलंत, सुटसुटीत झालं. आणि दर महिन्याला तुला आग्रह करकरून तिथे नेणारा मीच. तुला ते दिसलं नसेल हे शक्य नाही, तू प्रत्येक व्हॉल्व्हला हात लावून बघणारा माणूस. तू पहिल्या दिवशी ताटात जेवला होतास आणि दुसऱ्या महिन्यापासून कधीच नाही. तरी प्रागपर्यंत तू येत राहिलास, माझ्याबरोबर, माझं मन मोडू नये म्हणून. संगीताला हे विचारायची माझी छाती नाही.

त्रास कोणाला झाला असता, असं तू विचारलं होतंस. मला झाला असता. त्यांना काहीच झाला नसता, त्यांनी सोय करून घेतली होती. हे मी काकूंना तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. भर सभेत उभं राहून बोललेल्याला पाच मिनिटांत तेवढं बोलायला काय हरकत होती. त्या समोर उभ्या होत्या, हात माझ्या खांद्यावर, नजर माझ्या प्लेटवर, मी खातो का ते बघत.

मी पोहे संपवले. "छान झालेत," म्हणालो.